एका बाटलीत चौघं

खाणीवरच्या कंपाउंडरनं मला फसवलं, मी माझ्या माणसांना फसवलं, आणि ठेकेदारानं आम्हा सगळ्यांना. त्यात माझा धाकटा भाऊ गेला. त्यानं कुणालाही फसवलं नव्हतं.

हे मी इतक्या वर्षांनी लिहितो आहे, कारण तोंडानं सांगायला लागलो की माझा आवाज चढतो आणि ऐकणारा माणूस मूळ गोष्ट सोडून माझ्या रागाकडंच बघतो. कागदावर आवाज चढत नाही.

तारापूरच्या समुद्राकाठी मोठं बांधकाम चालू होतं, ती वर्षं. त्या कामाला खडी लागायची, आणि बोईसरच्या अलीकडं एका टेकडीला ठेकेदारानं खाण पाडली होती. मी घाटावरून तिथं आलो तो हातोडा घेऊन. तीन वर्षांत मुकादम झालो. शिकलेलो होतो सातवीपर्यंत, पण खरं शिक्षण दर पाडण्याचं आणि दर चढवण्याचं. खडीच्या ब्राससाठी, म्हणजे शंभर घनफुटांसाठी, ठेकेदाराचा कारकून एक आकडा बोलायचा, मी हसायचो. तो चिडायचा, मी उठून चालायला लागायचो. टेकडीच्या वळणापर्यंत जायच्या आत तो मला हाक मारायचा. कोळणीकडून मासळी घेतानाही माझं तेच. आठवड्यातून तीनदा पाटी घेऊन येणारी एक मावशी होती, किनाऱ्यावरच्या गावची, पन्नाशीची, तोंडानं फटकळ. ती मला म्हणायची, "घाट्या, तू मेलास की यमाशी पन घासाघीस करशील. अर्दाच ने म्हनशील." मी तिला म्हणायचो, "मावशी, आधी बोंबील ताजे हायत का ते सांग."

माझ्या टोळीत चाळीस-बेचाळीस माणसं. सगळी माझ्याच भागातली, कोरड्या हवेतली. इथली हवा त्यांना सोसेना. अंगावर घाम वाळायचाच नाही, त्यावर दगडाची भुकटी बसायची, आणि पावसाळा सरता सरता टोळीत गळवं सुरू झाली. मानेवर, काखेत, मांडीत. एकाचं बरं झालं की दुसऱ्याचं उठायचं. एकाच विहिरीवर अंघोळ, एकाच दोरीवर पंचे, न्हाव्याचा एकच वस्तरा. त्यात काही चुकतंय असं आम्हाला वाटायचं कारण नव्हतं. घरीही तसंच होतं.

ठेकेदारानं खाणीवर एक पत्र्याची खोली दवाखाना म्हणून उघडली होती. डॉक्टर आठवड्यातून एकदा जीपनं यायचा, कागदावर सह्या करायचा आणि जायचा. बाकी सहा दिवस कंपाउंडर. गोरा, चष्मेवाला, अतिशय गोड बोलायचा. मला "मुकादम साहेब" म्हणणारा त्या टेकडीवर तो एकटाच. पेनिसिलिनच्या बाटल्या त्याच्या कपाटात असायच्या. आत पांढरी भुकटी, वर रबराचं बूच. ती पाण्यात कालवायची आणि सुईनं ओढून दंडात किंवा कुल्ल्यावर टोचायची. डॉक्टरनं भिंतीवर लिहून ठेवलं होतं की गळवाच्या माणसाला रोज एक बाटली, चार लाख युनिटची, आणि सलग पाच दिवस.

पाच दिवस म्हणजे पाच सकाळी माणूस सुईच्या रांगेत. रांग नऊपर्यंत चालायची, आणि नऊनंतर खाणीत आलेल्या माणसाचा अर्धा खाडा. गळवं आलेली दहा माणसं धरली तर माझी रोजची खडी कमी पडणार. खडी कमी पडली की कारकून पुढच्या खेपेला माझ्यावर हसणार. म्हणून मी कंपाउंडरकडं गेलो आणि जे मला येत होतं तेच केलं.

"पाच दिवस कशाला?" मी विचारलं.

"डॉक्टरांनी लिहिलंय, मुकादम साहेब."

"ताप किती दिवसांत उतरतो?"

"दुसऱ्या दिवशी. कधी कधी पहिल्याच."

"मग ताप उतरला की सुई बंद. दोन दिवस. तेही कामावर येण्याच्या आधी, सहाला. तू सहाला दार उघड."

तो चष्मा पुसत राहिला. मग म्हणाला, "सहाला मला जमेल. पण एवढ्या बाटल्या एका वेळी मी फोडू शकत नाही. वरून हिशोब येतो. एका बाटलीत चौघं करू. औषध तेच, पाणी जरा जास्त."

मी म्हणालो, "तिघं."

तो म्हणाला, "चौघं."

मी उठून दारापर्यंत गेलो. त्यानं हाक मारली नाही. मीच परत फिरलो. आयुष्यात मी फार कमी वेळा परत फिरलोय, म्हणून ते लक्षात आहे. ठरलं, एका बाटलीत चौघं, आणि दोन दिवस. बदल्यात माझी दोन माणसं त्याच्या खोलीमागची जमीन सपाट करून देणार होती. मी बाहेर आलो तेव्हा खूश होतो. माझ्या मते मी पाच दिवसांचे दोन केले होते आणि माझा एकही खाडा पडणार नव्हता.

आणि गंमत बघा, ते चाललं. माणसं सकाळी सहाला रांगेत उभी राहायची. एका भांड्यात एकदा उकळलेली सुई, एकाच्या दंडातून निघून दुसऱ्याच्या दंडात. गळू बसायचं किंवा फुटायचं, ताप उतरायचा, माणूस हातोडा उचलायचा. पंधरा दिवसांनी गळू दुसऱ्या जागी उठायचं. पुन्हा दोन दिवस. कधी दोनाचे तीन करावे लागले, तेव्हा मी कंपाउंडरवर ओरडलो की तुझा माल हलका आहे. तो म्हणाला, हवा दमट आहे.

माझा भाऊ माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान. मी त्याला आणलं तेव्हा आईला सांगितलं होतं, एका वर्षात याला माझ्या हाताखाली उभा करतो. तो सुरुंगाची भोकं पाडायचा. हात शांत होता त्याचा. त्याच्या मानेवर गळू आलं, दोन सुया झाल्या, बसलं. महिन्याभरानं नाकाच्या शेजारी, ओठाच्या वर एक बारीक केसतूड उठलं. त्यानं ते नखानं पिळलं. मी त्याला सहाला रांगेत उभं केलं. एकदा सुई झाली, बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी मी त्याला सुरुंगावर पाठवलं. मोठी भोकं पाडायची होती, दुसरं माणूस नव्हतं.

त्या दुपारी त्याला हुडहुडी भरली. उन्हात, दगडावर बसून तो थरथरत होता. "दादा, लई थंडी वाजतीया," म्हणाला. गाल सुजून डोळा मिटला होता. मी खडीच्या ट्रकमधून त्याला पालघरला नेलं.

पालघरच्या त्या छोट्या रुग्णालयात बारा खाटा होत्या आणि एक तरुण डॉक्टर. हसायचा नाही. त्यानं भावाचं अंग बघितलं, छातीला नळी लावून ऐकलं, मग मला विचारलं, "आधी काय दिलंय?"

"पेनिसिलिन."

"किती?"

मी म्हणालो, "एक सुई."

"किती लाख?"

"बाटलीत चौघं होते."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की माझी मूठ आपोआप वळली. "आणि मग?"

"मग बरं वाटलं. कामावर गेला."

"कोणी पाठवलं?"

"मी."

त्यानं भरपूर पेनिसिलिन सुरू केलं. दिवसातून चार वेळा. एक दिवस गेला, ताप तिथंच. दुसऱ्या दिवशी मी त्याला म्हणालो, "दुप्पट द्या." त्यानं दिलं. काही फरक नाही. मला वाटलं, माल खोटा आहे. सगळीकडंच खोटा. मी बाजारात गेलो, औषधाच्या दुकानातून सीलबंद बाटल्या आणल्या, माझ्या हातानं आणल्या, आणि म्हणालो, ह्यातून टोचा, माझ्यासमोर. त्यानं माझ्यासमोर बूच पुसलं, माझ्यासमोर टोचलं. ताप तिथंच.

तेव्हा त्यानं मला व्हरांड्यात बसवलं. म्हणाला, "मुकादम, रोगाचे जंतू त्याच्या रक्तात गेलेत. औषध खरं आहे. हे जंतू त्याला दाद देत नाहीत."

"का नाही देत?"

"तुमच्या खाणीवर मारामारी होते ना? एखाद्याला अर्धवट मारून सोडलं तर काय करतो तो?"

"परत येतो. माणसं घेऊन."

"तुमच्या छावणीत सहा महिने हेच चाललंय. जे कच्चे होते ते मेले. जे राहिले ते याच सुईतून वाचलेले, आणि ते एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर गेले. तुमच्याकडून आलेला हा तिसरा रोगी आहे माझ्याकडं."

आधीचे दोघं माझ्या टोळीतले नव्हते, दुसऱ्या मुकादमाचे. ते कुठं गेले हे मी विचारलं नाही.

आता काय ते मी विचारलं. तो म्हणाला की कोणतं औषध लागू पडेल हे कळायला रक्त मुंबईला पाठवायला लागेल. तिथं ते वाढवून बघतात. त्याच्याकडं त्यासाठीची बाटली तिसऱ्या दिवशी आली, आत पिवळसर पाणी असलेली. त्यानं रक्त ओढून त्यात सोडलं. पण न्यायचं कोणी? रुग्णालयाचा शिपाई रजेवर. मी निघालो तर भावाजवळ कोणी नाही, आणि रोग्याजवळ घरचं माणूस हवंच असा तिथला नियम. खाणीवरून कुणाला बोलवावं तर खाणीवरच दुसरा मुकादम माझ्या माणसांना फितवत होता, निरोप आला होता. मी त्या व्हरांड्यातून कुठंही जाऊ शकत नव्हतो. बाहेर बैलगाड्या जात होत्या, माणसं बाजार करून परतत होती, आणि मी खांबाला टेकून बसलो होतो. ज्याच्याशी बोलून काही कमी-जास्त करता येईल असं समोर कोणी नव्हतं. डॉक्टरला काही नको होतं. तापाला काही नको होतं.

तेवढ्यात मावशी आली. तिला खाणीवर कळलं होतं. सुकी मासळी घेऊन ती मुंबईला चालली होती, वाटेत उतरली.

"तुजा भाव कसा हाय?"

मी सांगितलं. बाटली तिच्या हातात दिली, डॉक्टरची चिठ्ठी दिली, कुठं द्यायची ते तीनदा सांगितलं. आणि म्हणालो, "मावशी, हे खराब होता कामा नये. जीव हाय त्यात."

"मला शिकवतोस?" ती म्हणाली. "जलमभर खराब होनारा माल वागवला मी."

पहिल्यांदाच मी तिच्याशी कशाबद्दलही घासाघीस केली नाही.

ती तीन दिवसांनी परत आली, चिठ्ठी घेऊन. मधल्या वेळात डॉक्टरनं दुसऱ्या जातीचं औषध सुरू केलं होतं, टेट्रासायक्लिन. ताप थोडा उतरला होता, भावानं पेज घेतली होती. मी आईला पत्र लिहिलं होतं की काळजी नको. मग त्याच्या छातीत दुखायला लागलं आणि थुंकीत रक्त आलं. डॉक्टरनं चिठ्ठी उघडली, वाचली, आणि मावशीला विचारलं, "बाटली कशी नेली तुम्ही?"

"कशी म्हन्जे? बरफात. मासळीवाल्याकडनं बरफ घेतला, त्यात पुरली, वर गोनपाट. मुंबयपरयंत थंडगार होती, डाक्टर. जरा पन ऊन लागू दिलं नाय."

डॉक्टर खाली बसला. म्हणाला, ती उबेत ठेवायची असते. अंगाशी धरून. जंतू वाढले तरच कळतं. बर्फात ते गारठले, काही उगवलं नाही, चिठ्ठीत तसंच लिहिलंय.

मावशीनं पाटी खाली ठेवली. "मला कुनी सांगितलं नाय," ती म्हणाली. आणि खरंच कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरनं मला सांगितलं नाही, मी तिला सांगितलं नाही. आम्हाला दोघांना एवढंच माहीत होतं की नासणारी गोष्ट बर्फात घालतात. सगळा किनारा तेच करतो.

डॉक्टरनं दुसऱ्यांदा रक्त काढलं. मावशीनं ती बाटली चोळीच्या आत धरली आणि त्याच पावली परत निघाली. मासळीची पाटी तिथंच व्हरांड्यात सोडून. जाताना तिनं मला एक गोष्ट सांगितली, जी तिला आधी सांगण्यासारखी वाटली नव्हती.

"तुमचा तो चष्मेवाला," ती म्हणाली, "आमच्या गावांत शीलबंद बाटल्या इकतो. माज्या जावयाला पन दिल्या. चांगल्या असतात त्या."

मग मला सगळं कळलं. एका बाटलीत चौघं हे त्यानं मला सांगितलं होतं. त्यात माझी लबाडी होती. पण कपाटातल्या बाटल्या तो बाहेर विकत होता आणि माझ्या माणसांच्या दंडात एका बाटलीत आठ की दहा, का नुसतंच पाणी, ते त्याचं त्यालाच माहीत. मी ज्याला घासाघीस समजत होतो त्यात समोरचा माणूस माल उचलून घेऊन गेला होता.

पुढचे दोन दिवस मी भावाजवळ बसून होतो. तो मध्येच शुद्धीवर यायचा. एकदा म्हणाला, "दादा, घरी चल." मी म्हणालो, डॉक्टर हलवू देत नाही. तो म्हणाला, "तू सांग ना त्याला. तू सांगितलंस की मानतात." मी उठून बाहेर गेलो आणि परत आत आलो. त्याला वाटावं की मी सांगून आलो.

"काय म्हणला?" त्यानं विचारलं.

"उद्या बघू म्हणला."

"उद्याचं बी घासून आजवर आण," तो म्हणाला आणि हसायला गेला, खोकला आला.

नवव्या दिवशी सकाळी, रुग्णालयात झाडू मारत होते तेव्हा, तो गेला. मुंबईची दुसरी चिठ्ठी त्यानंतर दोन दिवसांनी आली. मावशीनंच आणली. तीत लिहिलं होतं की जंतू उगवले आहेत, पेनिसिलिनचा असर शून्य, टेट्रासायक्लिनचा नावापुरता, आणि एका नव्या औषधाचं नाव होतं जे मुंबईत मिळत होतं. डॉक्टरनं ती मला वाचून दाखवली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "ठेवा," म्हणाला. "कधीतरी कोणी विचारलं तर."

मी खाणीवर गेलो. कंपाउंडर खोलीत होता. मी त्याची कॉलर धरली, कपाट उघडलं. बाटल्या थोड्या, आणि सुईच्या पाण्याच्या कुप्यांचे खोकेच्या खोके. माणसं दारात जमली. पण त्याचं तोंड बंद झालं नव्हतं. "मुकादम साहेब, पाचाचे दोन कोणी केले? सहाला दार कोणी उघडायला लावलं? सांगू यांना?" मी त्याला सोडलं. हे मी कबूल करतो. ज्या हातानं मी त्याला मारायला हवं होतं तो हात मी खाली घेतला, कारण दारात माझीच माणसं उभी होती आणि त्यांच्या दंडावर त्याच सुईचे डाग होते.

ठेकेदाराकडं गेलो. त्यानं चिठ्ठी वाचलीसुद्धा नाही. "तक्रार कर," म्हणाला. "पण लेखी कर. मग चौकशीत तुझा सौदाही येईल. आणि पुढच्या हंगामाची खडी कोणाला द्यायची ते मी बघेन." माझ्या मागं चाळीस घरं होती. मी चिठ्ठी खिशात घातली. त्या हंगामाची खडी मी घेतली, चांगल्या दरानं घेतली, आणि त्या दराचा मला एक दिवसही आनंद झाला नाही. कंपाउंडर महिन्याभरात दुसरीकडं गेला, कुणी म्हणे उमरोळीच्या बाजूला, तिथं त्यानं स्वतःचा दवाखाना टाकला. लोक त्याला डॉक्टर म्हणायला लागले.

मी आता टोळी चालवत नाही. माझ्या वाट्याचं मी वर लिहिलं आहे, आडपडदा न ठेवता. पाच दिवसांचे दोन मी केले. भावाला ताप उतरल्यावर सुरुंगावर मी पाठवलं. त्याबद्दल मला जे म्हणायचं ते म्हणा, मी उभा आहे.

पण भिंतीवर पाच दिवस लिहून आठवड्यातून एकदा सही करणाऱ्या त्या जीपवाल्या डॉक्टरनं एकदा तरी सुईची रांग बघितली का, ते त्यानं सांगावं. ठेकेदारानं माझ्या भावाच्या मरणाची चौकशी माझ्या खडीच्या बोलीवर का अडवून धरली, ते त्यानं सांगावं. आणि त्या चष्मेवाल्यानं, तो कुठंही असो, डॉक्टर असो की कोणी, माझ्यासमोर येऊन बसावं आणि एवढंच सांगावं की रांगेतल्या त्या शेवटच्या सकाळी सहा वाजता माझ्या भावाच्या दंडात त्यानं जे टोचलं, त्यात औषध किती होतं. मला आकडा हवा आहे. त्यात मी एक कणही कमी करून घेणार नाही.